सूर्य आणि ढग

भिंगाशेजारी एक छोटी कळ असते. ती एका बाजूला सरकवली की सूर्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला सरकवली की ढगाचं. फोटो काढण्यापूर्वी आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा माणसाकडून एवढंच जाणून घेतो, की आज ऊन आहे की आभाळ. बाकी सगळं कारखान्यातच ठरलेलं. शटरचा वेग एकच, फोकस कायमचा बसवलेला, बॅटरी नाही, उजेड मोजायची सोय नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांतल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर कुणी शिकवावं लागत नाही. माहुलीच्या सुळक्यांवर आभाळ उतरलं की ढग. दिवाळीनंतर भाताच्या खळ्यावर ऊन पसरलं की सूर्य.

क्लिक मालिका जर्मनीच्या आग्फा कंपनीनं १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणली. भारतात क्लिक थ्री बनवला तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं. परकीय चलनाची चणचण असल्यानं त्या काळात परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक बंधनं होती. लायका किंवा रोलायफ्लेक्स ही नावं वर्तमानपत्राचे फोटोग्राफर, मोठे स्टुडिओ आणि श्रीमंत हौशी माणसं यांच्यापुरती राहिली. घरात स्वतःचा कॅमेरा असणं ही गोष्ट हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आणली ती या काळ्या, हलक्या डब्यानं. पुढे मुंबईच्या फोटोफोन कंपनीचा हॉट शॉट आला, त्यानंतर कोडॅकचा केबी-१०. वर्ग तोच होता: साधं भिंग, कायमचा फोकस, डोळ्याला लावा आणि दाबा.

फिल्मचीही तशीच गोष्ट. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची स्थापना १९६० मध्ये झाली आणि १९६७ पासून तिथं उत्पादन सुरू झालं. तिची ‘इंदू’ फिल्म आणि पूर्व जर्मनीची ‘ओरवो’ ही नावं जुन्या फोटोग्राफरांच्या बोलण्यात आजही येतात. रोल जपून वापरायचा असे. बारा फोटोंचा एक रोल लग्न, बारसं आणि गणपती असा तीन प्रसंगांवर वाटून घेणारी घरं होती. रोल पुरा होऊन धुवायला जाईपर्यंत बारशाचं बाळ रांगायला लागलेलं असे.

हा कॅमेरा हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. आधी सावलीत बसायचं. कॅमेरा उघडून रिकामं रीळ चावीच्या बाजूला बसवायचं आणि नवा रोल समोरच्या बाजूला. या १२० नंबरच्या रोलच्या पाठीला कागद असतो. त्या कागदाचं निमुळतं टोक रिकाम्या रिळाच्या फटीत अडकवून चावीचे दोन फेरे द्यायचे, कागद सरळ चाललाय ना ते पाहायचं आणि कॅमेरा बंद करायचा. पाठीमागे शर्टाच्या गुंडीएवढी एक लाल खिडकी असते. तिच्यात पाहत चावी हळूहळू फिरवत राहायचं. आधी काही खुणा सरकत जातात आणि मग लाल अंधारातून १ हा आकडा वर येतो. तिथं थांबायचं. पहिला फोटो तयार.

खिडकी लाल का, याचं उत्तर फिल्मच्या इतिहासात आहे. सुरुवातीच्या फिल्मना निळा आणि पुढे हिरवा उजेड दिसे, तांबडा दिसत नसे. म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चाले आणि कॅमेऱ्याच्या पाठीला लाल खिडकी. पुढे सगळ्या रंगांना जागणारी, वेगवान फिल्म आली तेव्हा खिडकी तशीच राहिली आणि भर उन्हात तिच्यातून उजेड आत झिरपायला लागला. म्हणून जाणकार आजही त्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावतात आणि आकडा बघण्यापुरती ती अंगाच्या सावलीत उचलतात. १२० नंबरचा रोल कोडॅकनं १९०१ मध्ये आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला होता. सव्वाशे वर्षांनंतरही तो बनतो, विकला जातो आणि बडोद्याच्या डब्यात नीट बसतो. आजच्या कुठल्या मोबाइलच्या मेमरी कार्डाबद्दल असं सांगता येईल?

हलक्या प्रतीचा कॅमेरा म्हणजे नेमकं काय हलकं? सर्वात आधी भिंग. महाग कॅमेऱ्यात चार, सहा, कधी त्याहून जास्त काचा एकमेकींच्या चुका दुरुस्त करत बसलेल्या असतात. इथं चष्म्याच्या काचेसारखं एका बाजूनं खोलगट असं एकच भिंग. एकट्या भिंगाला जग सपाट फिल्मवर नीट मांडता येत नाही. त्याचं चित्र वाटीसारखं वाकडं पडतं. मध्यभागी रेखीव, कडेला सैल. शिवाय कोपऱ्याकडे जाणारा उजेड तिरका जातो, जास्त अंतर कापतो आणि मंदावतो, म्हणून कोपरे काळवंडतात. आग्फाच्याच क्लॅक या दुसऱ्या डबा कॅमेऱ्यात यावर साधा उपाय होता. चित्र वाकडं पडतं ना, मग फिल्मच वाकवून बसवायची. भिंग सुधारणं महाग, पत्रा वाकवणं स्वस्त. अशा युक्त्या पाहिल्या की स्वस्त वस्तू बनवणाऱ्या इंजिनिअरबद्दल आदर वाटायला लागतो.

दुसरी उणीव फोकसची, आणि या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची गोष्ट तिच्यातच आहे.

या डब्यांचा फोकस साधारण दहा फुटांपासून पुढे कामाचा असतो. माणसाच्या फार जवळ गेलं तर चेहरा धुरकट येतो. म्हणून घरातला फोटो काढणारा मागे सरकत राही. मागे सरकता सरकता चौकटीत काय काय येई ते जुना अल्बम उघडला की दिसतं. नवीन लुगडं नेसून उभी असलेली सून, पण तिच्यामागे कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली भिंत. भिंतीला टेकवलेलं इरलं. पडवीचा खांब, खांबाला बांधलेलं वासरू. कोपऱ्यात तुळस. पायाखाली सारवलेलं अंगण आणि त्याच्या पलीकडे भाताची उडवी. फोटो सुनेचा होता. आला मात्र अख्खा उंबरठा.

आज हाताच्या अंतरावरून घेतलेल्या फोटोत चेहरा असतो, कातडीचा पोत असतो, पापण्या मोजता येतात. घर नसतं. मोबाइलचा कॅमेरा वाईट आहे असा याचा अर्थ नाही. तो इतका चांगला आहे की माणसाला मागे सरकावं लागत नाही, आणि मागे न सरकल्यामुळे जागा चौकटीबाहेर राहते. डबा कॅमेऱ्याच्या फोटोंची खरी किंमत मऊ कडा आणि काळवंडलेले कोपरे यांत शोधली जाते. ती या मागे सरकण्यात जास्त आहे.

या दोन तालुक्यांत ही गोष्ट आणखी टोचते, कारण इथल्या जागा राहिलेल्या नाहीत. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा. मुंबईच्या नळांना येणारं बहुतेक पाणी शहापूर आणि त्याच्या शेजारच्या डोंगरांतून जातं, आणि प्रत्येक धरणाच्या पोटात कुणाची तरी शेतं, पाडे, वाटा गेल्या. मुरबाड तालुक्यात बारवी धरणाची उंची वाढवल्यावर वस्त्या पाण्याखाली गेल्या. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून डोंगर फोडून गेला आहे. सातबारा कागदावर राहतो, मोबदल्याची रक्कम बँकेत येते. पण अंगण कसं होतं, विहीर घराच्या कुठल्या अंगाला होती, आंब्याची सावली कुठवर पडायची, याचा पुरावा कुठल्या कार्यालयात नसतो. तो असलाच तर पत्र्याच्या पेटीत, काळ्या पानांच्या अल्बममध्ये, चार कोपऱ्यांत अडकवलेल्या सहा सेंटिमीटरच्या चौकोनी फोटोत असतो. मोठी कॉपी काढणं परवडत नसे, म्हणून निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून तिच्याच मापाची छोटी कॉपी काढत. त्या चौकोनावर भिंग धरून पाहिलं तर उंबरठ्यावरची रांगोळीसुद्धा दिसू शकते. फिल्म मोठी असल्याचा हा फायदा. भिंग गरीब, पण फिल्मची जागा ऐसपैस.

तिसरी उणीव शटरची. या जातीच्या कॅमेऱ्यांत शटर साधारण १/३० सेकंद उघडं राहतं. रमतगमत चालणारा माणूस तेवढ्या वेळात चार-साडेचार सेंटिमीटर पुढे जातो. दहा फुटांवरून तो पुसट येणारच. ‘हलू नका’ हे वाक्य फोटोग्राफीच्या शब्दकोशात का बसलं, त्याचं हे गणित. जुन्या फोटोंतली माणसं ताठ, श्वास रोखून उभी दिसतात. ती लाजरी होती, गंभीर होती असं आपण समजतो. पुष्कळदा त्यांना फक्त हलू नका असं सांगितलेलं असे. आणि त्या ताठ रांगेत एखादं लहान मूल हमखास हललेलं असतं. त्याला चेहरा नसतो, नुसता एक पांढरा फराटा असतो. घरातली म्हातारी मात्र त्या फराट्यावर बोट ठेवून नाव सांगते.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा गावी खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलांच्या बाजारासाठी ती लांबवर प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी १/३० सेकंदाचा कॅमेरा काय करतो ते समजून घेण्यासारखं आहे. जोडी उभी करून व्यापारी दात बघतोय, रुमालाखाली बोटांनी भाव ठरतोय, हे सगळं स्थिर येतं, कारण सौदा करताना माणसं थबकतात. पण बैलानं मान झटकली, शेपटी उडवली की तेवढाच भाग विरघळतो. धूळ पांढरी होऊन मागच्या रांगा गिळून टाकते. आधुनिक कॅमेरा १/२००० सेकंदात बैलाला गोठवून ठेवतो आणि मग ती जनावरं मातीच्या बैलांसारखी दिसायला लागतात. यात्रेची लगबग हवी असेल तर मंद शटर ती जास्त खरी दाखवतं.

मग उजेडाचं काय? इथं मोठी गंमत आहे, आणि ती या पट्ट्याच्या बाजूची आहे. फोटोग्राफरांचा जुना नियम असा, की भर उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला एफ १६ हे छिद्र आणि साधारण १/१०० सेकंद पुरतात. डबा कॅमेऱ्याचं छिद्र सूर्याच्या खुणेवरही एफ ११च्या आसपास आणि वेळ १/३०. म्हणजे लागतो त्याच्या सहा-सात पट उजेड आत जातो. जुन्या फिल्म मंद होत्या, त्यांना तो चाले. आजची काळी-पांढरी निगेटिव्ह फिल्मही तेवढा जादा उजेड पचवते, फक्त निगेटिव्ह दाट होते. आता आषाढात या. माळशेज घाटाकडून ढग सरकत येतात, सरळगाव-टोकावड्याच्या रस्त्यावर दुपारीच दिवे लागतात, आणि उजेड उन्हाच्या आठव्या हिश्शावर येतो. डबा कॅमेऱ्याला नेमका तेवढाच उजेड हवा असतो. जो मोसम फोटोग्राफीला नालायक म्हणून पिशव्या बंद होतात, त्याच मोसमात हा स्वस्त डबा जवळजवळ बिनचूक काम करतो. ढगाखाली सावल्या कडक पडत नाहीत, सावळ्या चेहऱ्यांवर डोळ्यांखाली काळे खड्डे दिसत नाहीत, लावणीच्या चिखलातलं पाणी चमकून पांढरं फटक होत नाही.

त्याची हद्दही तितकीच स्पष्ट. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात हुतात्मा झाले आणि दरवर्षी त्या दिवशी लोक तिथं जमतात. थंडीतल्या त्या पहाटे, झाडांच्या सावलीत, क्लिक थ्री घेऊन गेलेल्या माणसाच्या हाती कोरी निगेटिव्ह येईल. उजेड नाही तर चित्र नाही. डबा खोटं बोलत नाही आणि अंधारातून काही रचूनही देत नाही.

कमअस्सल कॅमेऱ्याची ओढ ही काही इथलीच गोष्ट नाही. १९६०च्या दशकात हाँगकाँगच्या ग्रेट वॉल प्लास्टिक कारखान्यानं डायना नावाचा प्लास्टिकचा कॅमेरा काढला. तो अमेरिकेत खेळण्यासारखा, जत्रेतलं बक्षीस म्हणून वाटला जाई. नॅन्सी रेक्स्रॉथ या अमेरिकी छायाचित्रकार बाईंनी तोच हातात घेतला आणि १९७७ मध्ये ‘आयोवा’ हे पुस्तक काढलं. घरं, खिडक्या, सगळं स्वप्नातल्यासारखं सैल. रेखीव भिंगानं दाखवलेलं घर कुणाचंही असतं. आठवणीतलं घर सैलच असतं, हे त्या पुस्तकानं जाणकारांना पटवलं.

होल्गाची कथा आपल्याला आणखी जवळची वाटावी. हाँगकाँगच्या टी. एम. ली यांनी १९८१ मध्ये तो आखला आणि पुढच्या वर्षी तो बाजारात आला. उद्देश साधा होता: चीनमधल्या कष्टकरी घरांना परवडणारा, तिथं सर्रास मिळणाऱ्या १२० रोलवर चालणारा कौटुंबिक कॅमेरा. क्लिक थ्रीचाच चुलत भाऊ. त्याच्यावरही सूर्य आणि ढग अशी कळ होती. पण सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत ती कळ कुठंही सरकवली तरी छिद्रात फरकच पडत नसे. चीनमध्ये ३५ मिलिमीटरची फिल्म आली आणि होल्गाचा बाजार उठला. तेव्हा पश्चिमेतल्या कलाकारांनी त्याला उचलून धरलं. डेव्हिड बर्नेट या मुरलेल्या वृत्तछायाचित्रकारानं २००० सालच्या अमेरिकी निवडणुकीत अल् गोर यांच्या सभेचा होल्गावर काढलेला फोटो पुढे पुरस्कारपात्र ठरला. शेजारी लाखमोलाचे कॅमेरे होते. २०१५ मध्ये होल्गाचं उत्पादन थांबलं आणि २०१७ मध्ये पुन्हा सुरूही झालं. तिसरा मासला लेनिनग्राडच्या लोमो कारखान्याचा एलसी-ए. व्हिएन्नातल्या काही विद्यार्थ्यांच्या हाती तो १९९१ मध्ये प्रागमध्ये लागला आणि १९९२ मध्ये त्यांनी लोमोग्राफीची संघटनाच काढली.

आज या नावाखाली गडद कोपरे आणि सांडलेला उजेड यांचा बाजार चालतो. मोबाइलमध्ये बोट फिरवलं की हे दोष फोटोवर लेपता येतात. पण लेपलेला दोष आणि घडलेला दोष यांत फरक आहे. चावी फिरवायला विसरल्यामुळे एकाच चौकटीवर दोन फोटो पडतात तेव्हा आजोबांच्या छातीतून बैलगाडी जाताना दिसते. आजोबा सकाळी अंगणात उभे होते, बैलगाडी संध्याकाळी आली, आणि मधल्या वेळात कुणीतरी विसरलं, एवढी सगळी हकिगत त्या एका चौकटीत असते. क्लिक थ्री असो वा होल्गा, शटर आणि चावी एकमेकांना बांधलेली नसतात, म्हणून हे घडतं. फिल्टरला विसरता येत नाही.

कॅमेऱ्याची गरिबी आणखी खाली नेली तर भिंगही उरत नाही, नुसतं भोक उरतं. त्याचा अनुभव या भागात कौलारू घरात वाढलेल्या प्रत्येकानं घेतलेला आहे. कौलं सरकून फट पडली की दुपारी जमिनीवर कवडसा पडतो. फट वेडीवाकडी, त्रिकोणी, कशीही असो, कवडसा गोल पडतो. कारण तो फटीचा आकार नसतो, सूर्याचं चित्र असतं. छप्पर चार मीटर उंच असेल आणि सूर्य माथ्यावर असेल तर कवडसा जेमतेम पावणेचार सेंटिमीटरचा. हे माप सूर्याच्या रुंदीनं आणि अंतरानं ठरतं. २६ डिसेंबर २०१९च्या सकाळी महाराष्ट्रात खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं, तेव्हा असे कवडसे गोल नव्हते, कोयत्यासारखे होते. अंधाऱ्या खोलीच्या दाराला बारीक भोक असेल आणि बाहेर रणरणतं ऊन असेल तर समोरच्या भिंतीवर रस्त्यानं चाललेली माणसं उलटी, डोकी खाली, चालताना दिसतात. आपण कॅमेऱ्याच्या आत बसलेले असतो.

याच तत्त्वावर पिनहोल कॅमेरा चालतो. सपाट केलेल्या पातळ पत्र्याला सुईनं साधारण ०.३ मिलिमीटरचं भोक पाडायचं, ते काळ्या रंगवलेल्या डब्याच्या एका बाजूला बसवायचं आणि पाच सेंटिमीटरवर फिल्म ठेवायची. भर उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला सेकंदभर उजेड पुरतो. झाकण म्हणून चिकटपट्टी. गोव्यात ‘गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’ या संस्थेनं पिनहोल आणि जुन्या रासायनिक पद्धतींच्या कार्यशाळा घेऊन ही विद्या जिवंत ठेवली. एप्रिलचा शेवटचा रविवार २००१ पासून जगभर पिनहोल दिवस म्हणून पाळला जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रकाशाचा धडा शिकवताना याहून स्वस्त आणि पक्की प्रयोगशाळा दुसरी सापडणार नाही.

फोटो काढणं अर्धं काम. उरलेलं अर्धं अंधारात होतं, आणि तिथं मुरबाडचा उन्हाळा आडवा येतो. फिल्म धुण्याची पुस्तकं २० अंश सेल्सिअस गृहीत धरून लिहिलेली असतात. मे महिन्यात नळाचं पाणीच ३०च्या वर असतं. रसायन गरम असेल तर वेळ कमी करावा लागतो, आणि फार गरम असेल तर जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो, नखानं खरवडला जातो. म्हणून तालुक्याच्या गावातले स्टुडिओवाले रोल रात्री उशिरा किंवा पहाटे धूत, रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात किंवा माठाच्या गारव्यात ठेवत. पावसाळ्यात उलटा त्रास. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या भागात बुरशी भिंगावर जाळं विणते आणि निगेटिव्ह एकमेकांना चिकटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवून कॅमेरा जपणारी घरं होती.

आज तालुक्यात रोल धुऊन देणारं दुकान शोधणं अवघड. मुंबईत फोर्टच्या बाजारात रोल मिळतो, त्याची किंमत शेकड्यांत असते आणि कधी हजारही ओलांडते. पण काळी-पांढरी फिल्म घरी धुता येते, आणि तेही वाण्याच्या दुकानातल्या सामानानं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स या प्राध्यापकांच्या वर्गानं कॉफीत फिल्म धुऊन दाखवली. या पद्धतीची आज रूढ झालेली एक कृती अशी: एक लिटर पाण्यात ५४ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, २० अंशांवर १५ मिनिटं. सोडा नीट विरघळल्यावरच बाकीचं घालायचं. वास अगदी घाण येतो. पण कॉफीतली द्रव्यं आणि व्हिटॅमिन सी मिळून फिल्मवरच्या उजेड लागलेल्या चांदीच्या कणांना काळं करतात. मग पाण्यात खळबळून हायपो. उजेड न लागलेली चांदी हायपो विरघळवून टाकतो. हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवला होता. मत्स्यालयाच्या दुकानात पाण्यातलं क्लोरीन घालवायला हायपोचे खडे मिळतात, ते हेच रसायन.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या, पाटी घेऊन बसलेल्या त्या आज्यांचे फोटो जगभर छापले गेले. गुलाबी रंगाशिवाय त्या फोटोंची कल्पना करता येत नाही. डबा कॅमेऱ्यातल्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तो गुलाबी फिकट करडा येईल आणि नजर रंगावरून हातांवर जाईल, पेन्सिल धरलेल्या बोटांच्या पेरांवर. त्या पिढीतल्या कित्येक बायकांच्या वाट्याला तरुणपणी फोटो आलाच नाही. ज्यांच्या वाट्याला आला त्यांचा एखादाच, कुणा पाहुण्याच्या डब्यात, दहा फुटांवरून, घरासकट.

आसनगावला लोकल सोडली की माहुलीचा डोंगर समोरच असतो. नवरा, नवरी आणि भटजी या नावांचे त्याचे सुळके पावसाळ्यात क्षणात दिसतात, क्षणात झाकतात. पायथ्याच्या गावाबाहेर उभं राहिलं, कळ ढगावर सरकवली, कॅमेरा डोळ्याशी घट्ट धरला, श्वास थांबवला. खट्ट. एवढाच आवाज. काय आलं ते पाहायला पाठीमागे पडदा नाही, लाल खिडकी आहे, आणि तिच्यात ४. चावी फिरवली की ५. बाराव्या फोटोनंतर कागद संपेपर्यंत चावी फिरवत राहायचं, सावलीत डबा उघडायचा, रोल गुंडाळून त्याची चिकटपट्टी जिभेनं ओली करून दाबायची.

रात्री गोधडीखाली हात घालून, चाचपडत, फिल्म धुण्याच्या टाकीतल्या रिळावर चढवायची. कॉफी, पाणी, हायपो, पुन्हा भरपूर पाणी. मग दिवा लावून फिल्म उलगडायची आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यानं टांगायची, खाली दुसरा चिमटा वजनाला. थेंब गळत असतात. चौथ्या चौकटीत आभाळ काळं आहे आणि त्याच्यापुढे नवरा-नवरीचे सुळके पांढरे उभे आहेत. कोपऱ्यांत सगळं निवळत गेलंय. आणि खाली, फोटो काढताना ध्यानातही न आलेली, बांधावरून इरलं घेऊन चाललेली एक बाई. चार सेंटिमीटर हललेली.